बोकडाच्या नाकातलं कातडं

बोकडाच्या नाकात, दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर, एक गुलाबी कातडं असतं. भुईमुगाच्या दाण्यावरच्या लाल सालापेक्षा थोडं जाड, ओलं आणि बुळबुळीत. ते न फाडता काढायचं हे माझं काम होतं. पगाराच्या कागदावर मी मदतनीस होते. काचेची भांडी धुणं आणि फरशी पुसणं एवढंच तिथं लिहिलेलं. पण मी आयुष्यात काय केलं असं कुणी विचारलं तर मी कातड्याचंच सांगेन. कुणी विचारत नाही आणि मी आपण होऊन बोलणारी नाही, म्हणून लिहून ठेवते.

नव्वद सालानंतर आमच्या नगर जिल्ह्यात फार्मसीची कॉलेजं निघायला लागली. त्यातलं एक आमच्या बाजारगावाच्या बाहेर, उसाच्या रानाला लागून होतं. माझे मालक साखर कारखान्यात हंगामी कामाला, हंगाम संपला की घरी बसून, म्हणून मी कॉलेजात लागले. मी चौथी शिकले होते. इंग्रजी येत नव्हतं, पण बाटलीवरच्या अक्षरांचं चित्र ध्यानात ठेवायची आणि धुतलेलं सगळं आपल्या जागी ठेवायची. स्वभाव असा की वाण्याच्या दुकानात गेले तरी त्यानं आपण होऊन ‘काय पाहिजे’ म्हणेपर्यंत उभी राहायची. कॉलेजातल्या पोरांनी पहिलं वर्षभर माझा आवाज ऐकला नसेल. ती मला मावशी म्हणायची, मी मान हलवायची.

मुंडीचं काम सुरू झालं ते पाठक सरांमुळे. पाठक सर पुण्याकडचे, उंच, बारीक, बोलताना चष्मा पुसत बोलणारे. त्यांच्या हाताखाली सुरेखा नावाची मुलगी पुढचं शिकत होती. ती मिरजगावची, शेतकऱ्याच्या घरातली, गडगडून हसणारी. माझ्याशी ती पहिल्या दिवसापासून बोलायची, मी उत्तर दिलं नाही तरी.

तिनं मला सगळं समजावून सांगितलं होतं. ती म्हणायची, “मावशी, गोळी गिळली की ती पोटात जाते. तिथून सगळं रक्त आधी यकृतात जातं, आणि यकृत म्हणजे जकात नाका. निम्मं औषध तिथंच अडतं. नाकातलं कातडं पातळ असतं, खाली रक्त भरलेलं, आणि नाकापासून मेंदू किती लांब? हा इतका.” असं म्हणून ती आपल्याच कपाळावर बोट ठेवायची.

तिच्या थोरल्या भावाला फिट यायची. आमच्याकडे फिट आली की नाकाला कांदा फोडून लावतात, नाहीतर चप्पल हुंगायला देतात. ती सांगायची, “दातखीळ बसल्यावर गोळी कुठून घालणार, मावशी? आमची आई चमच्यानं दात उचकटायची. त्याचा एक दात तुटलाय त्यात.” एवढं सांगून ती हसायची, पण ते तिचं नेहमीचं हसणं नसायचं.

नाकात नुसतं औषध घालून भागत नाही. नाकातला शेंबूड सारखा घशाकडे सरकत असतो, तो औषध धुऊन नेतो. म्हणून औषध बारीक कणांत कोंडायचं. ते कण इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावावेत. ते ज्या भुकटीचे करायचे ती कोळंबीच्या टरफलापासून निघते. पांढरी भुकटी केरळातून पुड्यात यायची. आंबट वासाच्या पाण्यात ती विरघळवायची आणि पाणी गरगर फिरत असताना वरून दुसरं पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. हात बरोबर पडला तर पाण्याला निळसर झाक यायची, दुधाचा हात लागलेल्या तांब्यातल्या पाण्यासारखी. ती झाक म्हणजे कण झाले. हात चुकला तर नासलेल्या दुधासारखे गोळे व्हायचे आणि सुरेखा मटकन स्टुलावर बसायची. त्या कणांना इंग्रजीत नॅनो म्हणतात. आता हा शब्द रोज पेपरात येतो. तेव्हा आमच्या गावात तो आम्हा तिघांनाच माहीत असेल.

हे कण चिकट असतात. नाकाला धरून बसतात आणि औषध हळूहळू आत सोडतात, असं सरांचं म्हणणं. ते खरं की खोटं हे बघायला नाकच पाहिजे. काचेची दोन भांडी एकावर एक बसवायची, मध्ये बोकडाच्या नाकाचं कातडं ताणून धरायचं. वर औषध, खाली अंगाइतकं कोमट मिठाचं पाणी. मग ठरल्या वेळी खालचं पाणी थोडं थोडं काढून यंत्रात बघायचं, किती औषध कातड्यातून खाली उतरलं. कातड्याला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी सगळं औषध धो धो खाली जातं आणि दिवस फुकट.

एक दिवस सर म्हणाले, “कमलबाई, उद्यापासून हॉस्टेलच्या मेसच्या मटणाबरोबर एक मुंडी येईल. ती फोडून नाकाचा भाग काढून द्या.” त्यांनी सांगितलं, मी मान हलवली. त्यात काही विचारण्यासारखं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मुंडी आणायचे शब्बीरभाई. बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं, काष्टीच्या बाजारातून बोकड आणायचे. मेसचं मटण सायकलवरून पोचवताना ते आमच्या मागच्या दाराशी डबा ठेवून जायचे. मी करवतीच्या पात्यानं नाक उभं कापायची, उरलेली मुंडी मेसच्या आचाऱ्याकडे. त्या वर्षी हॉस्टेलच्या पोरांनी मुंडीचा रस्सा भरपूर खाल्ला, आणि बोकडाला नाक का नाही असं एकानंही विचारलं नाही.

कातडं काढायचं काम सुरुवातीला सुरेखा स्वतः करायची. चिमट्यानं ओढायची आणि ते फाटायचं. सरांनी केलं, त्यांचंही फाटलं. मी बाजूला भांडी धूत होते. सुरेखा म्हणाली, “मावशी, तुम्ही बघा बरं एकदा, माझं डोकं फिरलंय.” मी ओढलं नाही. थंड मिठाचं पाणी वरून सोडत राहिले आणि पात्याच्या बोथट बाजूनं नुसतं ढकलत गेले, खरवड सोडवतात तसं, घाई न करता. ते एक अखंड निघालं आणि वाटीतल्या पाण्यात तरंगलं. सुरेखानं ते उजेडाकडे धरलं. मग तिनं स्टूल माझ्याकडे सरकवलं. कॉलेजात मी बसून केलेलं पहिलं काम ते.

पुढं माझा हात बसत गेला. फाटायचं, नाही असं नाही. पण हळूहळू फाटणं कमी झालं. मग अशी एक वेळ आली की कातडं आपसूक सुटायला लागलं. बोट लावलं की निघतंय. मी मनात म्हटलं, आता आपण तयार झालो. कणांचं औषधही भराभर खाली उतरायला लागलं. आकडे इतके चांगले की सरांनी पुण्यातल्या मित्राला फोन लावला. सुरेखानं मला कँटीनमधून भजी आणून दिली.

मग सरांनीच शंका काढली. म्हणाले, “साधं औषध घालून बघू, कणांशिवाय.” तेही तसंच भराभर उतरलं. मग सुरेखानं कातड्यावर नुसता लाल रंग टाकला. रंगसुद्धा खाली आला. रंग खाली येतो म्हणजे कातडं कातडं राहिलेलं नाही, चाळणी झालेली आहे. आम्ही तिघं वाटीभोवती उभं राहून बघत होतो. कडा पांढुरक्या झाल्या होत्या आणि किंचित मुडपल्या होत्या.

सुरेखानं संध्याकाळी शब्बीरभाईंना मागच्या दाराशी गाठलं. “चाचा, मुंडीला तुम्ही काही करता का?”

“काही नाही बेटा. साफ करून देतो.”

“साफ म्हणजे?”

“म्हणजे भाजून. केस जाळून, खरडून. पहिले पहिले घाई होती, तशीच कच्ची दिली. पण आता तुम्ही कायमचे गिऱ्हाईक. कच्ची मुंडी दिली तर लोक म्हणतील शब्बीरला धंदा कळत नाही. केसाळ मुंडी कोण नेतं? मावशीलाही त्रास नको म्हटलं.”

माणसानं प्रेमानं केलेलं काम. आमच्याकडे मुंडी भाजल्याशिवाय घरात येतच नाही, त्यांचं काय चुकलं? भाजलेली मुंडी मीच रोज कापत होते, पण घरी येते तशीच म्हणून मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. ज्योतीच्या धगीनं आतलं कातडं शिजत होतं, म्हणून ते सुटत होतं. माझा हात बसला म्हणून नव्हे. ते समजल्यावर मी जरा खट्टू झाले. सुरेखाचे मात्र सगळे आकडे गेले होते. बाहेरगावचे परीक्षक यायच्या आत पहिल्यापासून सगळं करायचं होतं.

शब्बीरभाईंनी भाजणं बंद करतो म्हणून सांगितलं, पण दुकानात दोन भाऊ, गडबड, कोण कधी ज्योत लावेल सांगता येत नव्हतं. सर म्हणाले, “कमलबाई, तुम्ही सकाळी दुकानातच उभ्या राहा. समोर कापली की लगेच बर्फात घालून आणा.” मी मान हलवली.

खाटकाची गल्ली बाजारपेठेच्या पोटात. सकाळी सगळं गाव तिथून जातं. मी पदर डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटून उभी राहायची, हातात बर्फाचा डबा. आमच्या वस्तीतली माणसं बघून जायची. कुणी बोललं नाही. म्हणजे मला कुणी बोललं नाही.

घरी मामंजींना कुणीतरी बोललं.

माझे सासरे तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली आयुष्य काढलेलं, आवाज खालचा, पण घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या तरुणपणी आमच्या समाजानं धम्म घेतला. त्याआधी गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं आणि सोलणं हे आमच्या घराकडे होतं. ते त्यांच्या वडिलांनी एका दिवसात सोडलं. गावानं पाणी बंद केलं, दळण बंद केलं, कामाला बोलवणं बंद केलं. तरी सोडलं. हे मला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. पण माझ्या वाटीतल्या त्या कातड्याचा आणि या गोष्टीचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. मी चहा दिला.

“कमल, खाटकाच्या दारात तू कशापायी हुबी हुतीस?”

“कॉलेजचं काम हाय, मामंजी.”

“कसलं?”

मी सगळं सांगितलं. माझ्या मानानं पुष्कळ बोलले. नाक, कातडं, फिट येणाऱ्याचं औषध. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, “म्हंजी कांद्याच्या जागी औषिद.”

“व्हय.”

“काम चांगलं हाय,” ते म्हणाले. चहा संपवला. कप खाली ठेवून म्हणाले, “शब्बीर खाटीक हाय. तो त्याचा धंदा हाय, मानानं करतो, नफा त्याच्या गल्ल्यात जातो. त्यात हलकं काय न्हाई. पर तुला हे काम कुणी सांगितलं?”

“सरांनी.”

“तुलाच का?”

मी रिकामा कप उचलला.

“तुझ्याआधी दुसऱ्या कुणाला सांगितलं हुतं का, एवढंच इचारून ये. हात चांगला म्हनून दिलं आसंल, तर कर. मी काय बोलनार न्हाई. आन तू कोण हाईस ते बघून दिलं आसंल, तर आमच्या बापानं जे सोडलं ते तू पगारासाठी उचलायचं न्हाई.”

“मी कसं विचारू, मामंजी?”

“तोंडानं.”

मालक आतून हसले. मला हसू आलं नाही. त्या कॉलेजात मी सरांना आपण होऊन एक वाक्य बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामंजींनी नुसतं वर बघितलं. “इचारलं?”

“सर पुण्याला गेल्ते.”

त्याच्या पुढच्या दिवशी, “इचारलं?”

“सर कामात हुते.”

“सायेब कामातच आसनार. बिनकामाचा मी हाय, मला इचारून काय उपेग?” मग खोकून म्हणाले, “बाजाराच्या दिवसापत्तुर जवाब आन. न्हाई आनला तर त्या कामावर जायचं न्हाई. दुसरं बघू.”

मी दिवसभर मनात वाक्य जुळवायची. भांडी धुताना नळाला सांगून बघायची. ‘सर, एक विचारायचं होतं’ इथपर्यंत यायचं आणि पुढं गाडी थांबायची. मला भीती सरांची नव्हती. भीती उत्तराची होती. कारण तोपर्यंत ते काम माझं झालं होतं. सकाळी कातडं वाटीत तरंगलं की मला दिवसभर बरं वाटायचं. मामंजींच्या प्रश्नानं मी मागं वळून बघायला लागले होते आणि मलाही माहीत नव्हतं की तिथं काय निघेल. सुरेखाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती घड्याळाकडे आणि बाटल्यांकडे बघत असायची. मी गेले तर तिचं काय, हा विचार वेगळाच.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी नाक घेऊन बसले होते. सर समोर उभे होते, सुरेखा भांडी लावत होती. किसनभाऊ शिपाई दारात बर्फाची लादी घेऊन आला होता. माझे हात कामात होते आणि डोळे कातड्यावर. आणि माझ्या ध्यानात आलं की असं असताना बोलता येईल. वर बघावं लागत नाही.

मी खाली बघत म्हटलं, “सर, हे मुंडी फोडायचं काम माझ्याआधी कुणाला सांगितलं हुतं का?”

सुरेखाच्या हातातलं भांडं टेबलावर टेकल्याचा आवाज आला. माझा आवाज तिनं एवढा मोठा पहिल्यांदाच ऐकला असेल.

सर म्हणाले, “का हो?”

“घरी विचारलंय. सासऱ्यांनी.”

मी कातडं ढकलत राहिले. तेवढ्यात सरांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा ‘का’ विचारलं नाही. ते म्हणाले, “किसनला सांगितलं होतं.”

किसनभाऊ दारातून म्हणाला, “माझ्या गळ्यात माळ हाय सर. मी तुमाला तवाच सांगितलं.”

“हो. तू सांगितलंस आणि मी ऐकलं.” सर चष्मा पुसायला लागले. “मग मी कमलबाईंना सांगितलं. चालेल का, असं विचारलं नाही. इथं सात-आठ माणसं आहेत. किसननंतर माझ्या तोंडात तुमचंच नाव आलं. का आलं, हा विचार मी केला नव्हता. आत्ता करतोय, आणि उत्तर चांगलं नाही.”

किसनभाऊनं बर्फाची लादी खाली ठेवली. मग सर म्हणाले, “मुंडी फोडायचं काम मी तुम्हाला असं दिलं, हे खरं. कातडं सोलायचं काम मी दिलेलं नाही. ते तुमच्या हातानं मिळवलेलं आहे. दोन्ही गोष्टी घरी सांगा.”

सुरेखा मध्येच म्हणाली, “पण सर, पदवी मला मिळणार. मुंडी मी का आणत नाही?”

“कारण तुला मी सांगितलं नाही.”

“मग सांगा की.”

“आधी मी,” सर म्हणाले. “उद्या मी जातो. मग तू. मग खालच्या वर्गातली पोरं. पाळीनं.”

कातडं तोपर्यंत सुटलं होतं. अखंड. एवढं बोलणं चालू असताना ते अखंड निघालं, याचा मला आजही अभिमान आहे.

घरी मी मामंजींना शब्दाला शब्द सांगितलं. दोन्ही गोष्टी. त्यांनी विचारलं, “सोता म्हनाला? उत्तर चांगलं न्हाई म्हनून?”

“व्हय.”

“आन उद्या तो आननार?”

“म्हणाले तसं.”

“बघू,” ते म्हणाले.

सकाळी मी उठले तर मामंजी घरात नव्हते. बाजाराला इतक्या लवकर ते कधी जात नसत. उन्हं वर आल्यावर आले, पिशवीत मेथीची एक जुडी, तीही सुकलेली. खाटकाच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले होते.

“आला हुता तुझा सर,” टोपी काढत ते म्हणाले. “स्कूटरवरून. लई घाबरतो गडी मुंडीला. शब्बीरनं हातात दिली तर दोन बोटांनी धरली, मेलेला उंदीर धरतात तशी. तोंड तिकडं आन हात इकडं. शब्बीर म्हनतोय, सायेब, ती चावत न्हाई. सगळा बाजार बघत हुता.” ते हसत नव्हते, पण मिशी हलत होती. “मुंडी पडली बी एकदा. वाकून उचलली. दुसऱ्याला उचल म्हनला न्हाई.”

“मग मी जाऊ का कामाला?”

“उशीर झाला तुला,” ते म्हणाले. “जा.”

त्यानंतर मुंडी आणायची आणि फोडायची पाळी लागली ती शेवटपर्यंत चालली. सुरेखाला हॉस्टेलच्या पोरी ‘मुंडीवाली आली’ म्हणायच्या. ती त्यांच्या नाकापुढं हात धरायची, “घे, वास घे, चांगली भूक लागेल.” एका पोराला दुकानातच घेरी आली, त्याला शब्बीरभाईंनी साखरपाणी पाजलं. माझीही पाळी यायची. मी भिंतीला न चिकटता उभी राहायला शिकले. आणि सोलायला बसायचं ते मीच. त्यात पाळी नव्हती. सर नव्या पोरांना माझ्या शेजारी बसवायचे आणि म्हणायचे, “बघा आणि शिका.” ती बघायची, फाडायची, पुन्हा बघायची. त्यातली काही चांगली शिकली.

कच्च्या मुंडीच्या कातड्यावर सगळं पहिल्यापासून झालं. वीज जायची, पाणी फिरवायचं यंत्र थांबायचं, कणांचे गोळे व्हायचे, मग परत. पण जेव्हा जमलं तेव्हा सुरेखानं मला कागदावर दोन रेघा दाखवल्या. खालची साध्या औषधाची, जमिनीला धरून चाललेली. वरची कणांची, सुरुवातीला सावकाश आणि मग उसाच्या कोंभासारखी वर गेलेली. भाजलेल्या कातड्यावर आले होते तसे डोळे दिपवणारे आकडे नव्हते ते. पण रंग टाकून बघितला तर रंग वरच राहिला. म्हणजे औषध भोकातून पडलेलं नव्हतं, कातड्यानं ते आत घेतलं होतं.

सरांनी तेव्हाच बजावलं होतं, “हे बोकडाचं नाक आहे. माणसाच्या नाकापर्यंत अजून फार लांब जायचंय.” ते खरंच निघालं. आमचं औषध बाजारात आलं नाही. त्याचा जाड ग्रंथ कॉलेजच्या कपाटात बसला, आणि पुढं पैसा नव्हता, मोठी यंत्रं नव्हती, सरही दुसरीकडे गेले. याची हळहळ मला वाटते. आता मेडिकलमध्ये फिट येणाऱ्याच्या नाकात मारायचा फवारा मिळतो. तो दुसऱ्यांनी केला, दुसऱ्या रीतीनं. पण दुकानात त्याचं खोकं दिसलं की मी थांबते. नाकातून मेंदूकडे वाट आहे, हे ज्यांनी चाचपून बघितलं त्यांत आम्हीही होतो.

कातडी मी त्यानंतर बरीच वर्षं सोलली. पुष्कळ पोरांच्या पदव्या त्यावर झाल्या. पण लिहायचं ते सुरेखाच्या पदवीचं.

परीक्षक येऊन गेले, ती पास झाली. दुसऱ्या दिवशी ती थेट आमच्या वस्तीत घर विचारत आली, हातात पेढ्यांचा पुडा. मी घरी पाणी भरत होते. मामंजी ओट्यावर बसले होते. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि पुडा सोडून पुढं केला.

“बाबा, पास झाले. पेढा घ्या.”

मामंजींनी हात पुढं केला नाही. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तूच का ती मिरजगावची?”

“हो.”

“मुंडी आनली का कंदी सोता?”

“आणली की बाबा. पाळी होती माझी. भर बाजारातून, उघड्या डब्यात. आमच्या गावचे पाहुणेसुद्धा भेटले एकदा, त्यांनी घरी जाऊन सांगितलं.”

“मग? बाप काय म्हनला?”

“बाप आठ दिवस बोलला नाही,” सुरेखा म्हणाली. “मग भावाला फिट आली, तेव्हा बोलला. म्हणाला, कर तुझं काम.”

मामंजींनी पुड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट केलं.

“आधी माझ्या सुनंला दे,” ते म्हणाले. “मग मी घेतो.”

माझे हात ओले होते. मी ते पदराला पुसले आणि पेढा घेतला.